हिवाळी रस्ते आणि चाकांवरची लायनर : कापडी बरी की प्लास्टिकची?

मिसिसिपीकाठ :

नमस्कार मंडळी. मी मिनियापोलिसच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो आणि कामासाठी रोज हायवेने जातो. माझ्या गाडीत टायरच्या वर, पत्र्याच्या आतल्या बाजूला बसवलेली लायनर प्लास्टिकची नसून दाबलेल्या काळ्या नमद्याची, म्हणजे कापडी, आहेत. गेल्या आठवड्यात दिवसभर उणे २ ते ३ अंशांत ओला बर्फ पडत होता, रस्त्यावर मीठ टाकलेले होते आणि त्या पाणचट बर्फातूनच मी घरी आलो. रात्रीत पारा उणे २० पर्यंत उतरला. सकाळी स्टीअरिंग पूर्ण वळवताना पुढच्या उजव्या चाकापाशी काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि हायवेला लागल्यावर बर्फाचा मोठा गोळा सुटून मागे पडला. संध्याकाळी वाकून पाहिले, तेव्हा त्या गोळ्याबरोबर लायनरचा तळहाताएवढा तुकडाही गेलेला होता आणि मागची खालची कड क्लिपांमधून सुटून टायरकडे झुकली होती. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘ही नेहमीची झीज आहे, हमीत बसत नाही’ असे उत्तर मिळाले.

इथे कडक हिवाळ्यात गाडी चालवणारे अनेक सदस्य आहेत, म्हणून विचारतो. अशा हवेत कापडी लायनर टिकतात का, की बाजारात मिळणारी प्लास्टिकची बसवून घ्यावीत? साचलेला बर्फ काढण्याची योग्य रीत कोणती? आणि फाटलेल्या लायनरवर उन्हाळ्यापर्यंत गाडी चालवली तर चालते का?

ओंटारिओकर :

आम्ही टोरांटोत बरीच वर्षे प्लास्टिकची लायनर असलेली गाडी वापरतो आहोत, त्यामुळे त्या बाजूचा अनुभव सांगतो. गुळगुळीत प्लास्टिकवरून बर्फ लवकर सुटतो हे खरे आहे. पण ही लायनर सहसा मध्ये फाटत नाहीत, ती क्लिपांपाशी हार मानतात. बर्फाचा भार खाली ओढत राहतो, क्लिपचे भोक हळूहळू लांबट होत जाते आणि एक दिवस क्लिप जागच्या जागी असूनही लायनर तिच्या डोक्यावरून निसटते. अशा भोकात नवी क्लिप घालून काहीच साधत नाही. रुंद वॉशर ठेवून त्यातून क्लिप घातली, तर भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि जोड पुन्हा काही हिवाळे टिकतो.

बर्फ पडू लागण्यापूर्वी एकेक क्लिप हाताने ओढून पाहावी आणि मूठभर सुट्या क्लिपा गाडीत ठेवाव्यात. थंडीत जुन्या क्लिपा काढताना हमखास तुटतात, म्हणून हे काम शक्यतो उबदार गॅरेजमध्येच करावे.

पॉलिमरवाला :

माझे काम प्लास्टिकच्या भागांशी संबंधित आहे, म्हणून सामग्रीबद्दल लिहितो. कापडी लायनर म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरचे तंतू सुयांनी एकमेकांत गुंतवून, तापवून साच्यात दाबलेला थर असतो. कंपन्या खर्च वाचवण्यासाठीच ती लावतात असा समज आहे, पण तो पूर्ण बरोबर नाही. टायरने उडवलेली खडी आणि पाणी प्लास्टिकवर आदळले की आत ताशा वाजल्यासारखा आवाज येतो, तंतूंचा थर तो आवाज गिळतो आणि वजनालाही हलका असतो. विजेवरच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे चाकांचा आवाज अधिक जाणवतो, म्हणून तिथे अशी लायनर जास्त दिसतात.

अडचण अशी, की तंतूंमधल्या पोकळीत पाणी शिरते आणि ते गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. बाहेर साचलेला बर्फ आणि थरातला बर्फ मिळून एकच अखंड तुकडा तयार होतो, त्यामुळे बाहेरचा गोळा निखळला की त्याच्याबरोबर तंतूही उपटले जातात. मिसिसिपीकाठ यांच्या गाडीत नेमके हेच घडलेले दिसते.

मात्र सगळे प्लास्टिक एकसारखे नसते. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्य ते उणे १० अंशांच्या आसपास ठिसूळ होऊ लागते, म्हणून चांगल्या लायनरसाठी त्यात रबराचा अंश मिसळलेला प्रकार वापरतात. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची चिवटाई त्याहून कितीतरी खालच्या तापमानापर्यंत टिकते, मिनेसोटाच्या थंडीतही ते सहसा तडकत नाही. भाग विकत घेताना त्याच्या मागच्या बाजूला उमटवलेली खूण पाहावी. प्लास्टिकच्या भागांवर सामग्रीचे नाव लिहिण्याची पद्धत आयएसओ ११४६९ या मानकाने ठरवून दिलेली आहे. नुसते ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) लिहिलेले असेल तर विक्रेत्याला दोन प्रश्न अधिक विचारावेत. ‘पीपी’पुढे अधिक चिन्ह आणि ‘ईपीडीएम’ असेल तर रबर मिसळलेले आहे, आणि ‘पीई-एचडी’ (उच्च घनतेचे पॉलिएथिलीन) असेल तर थंडीची चिंता कमी.

हेलसिंकीची वाट :

वरचे विवेचन उत्तम आहे, पण कापडी लायनर कडक थंडीत टिकतच नाहीत असा अर्थ कोणी त्यातून काढू नये. माझ्या गाडीतही कापडीच आहेत आणि ती शाबूत आहेत. माझ्या मते कापड की प्लास्टिक यापेक्षा तुमच्या रस्त्यावरचे तापमान आणि मीठ या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. उणे १५ अंशांत बर्फ कोरडा असतो, त्याची भुकटी उडून जाते आणि चाकावर काहीच साचत नाही. खरा त्रास शून्य ते उणे ५ या पट्ट्यात होतो, कारण मिठामुळे रस्त्यावरचा बर्फ अर्धवट वितळलेला असतो, तो चाकाबरोबर उडतो आणि थंड लायनरवर थरावर थर चढत जातो. आमच्याकडे फिनलंडमध्ये उत्तरेला रोव्हानिएमीच्या बाजूला हिवाळा कितीतरी कडक असतो, पण लायनरच्या तक्रारी मला हेलसिंकीच्या किनारपट्टीवरच जास्त ऐकू येतात.

आणखी एक मुद्दा खिळ्यांच्या टायरचा. आमच्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात खिळ्यांचे टायर चालतात आणि बहुतेक लोक तेच वापरतात. कोरड्या डांबरावर त्यांचा आवाज इतका होतो, की कापडी लायनर काढून प्लास्टिकची बसवायची माझी तयारी नाही. मिनेसोटात खिळ्यांच्या टायरना परवानगी नाही, त्यामुळे तुमचा हिशेब वेगळा निघू शकतो.

मिसिसिपीकाठ :

हेलसिंकीची वाट यांचा मुद्दा पटतो, पण माझी अडचण अशी आहे, की इथे दोन्ही गोष्टी एकाच दिवसात होतात. दुपारी मिठाचे पाणी आणि रात्री उणे २०. साधे मीठ उणे ९ च्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून रस्त्यावर इतर क्षारही टाकले जातात आणि रस्ता ओलाच राहतो.

कॅलगरीवासी :

तुम्ही म्हणता ते दोन्ही ऋतू आमच्याकडे चिनूक वारा घेऊन येतो. रॉकी पर्वत ओलांडून तो खाली उतरला, की काही तासांत पारा २० अंशांनी चढतो, सगळे वितळते आणि वारा थांबला की तेच पाणी जागेवर गोठते. त्यात आमची महापालिका मीठ आणि बारीक खडी यांचे मिश्रण टाकते, त्याला इथे ‘पिकल’ म्हणतात. ही खडी बर्फात रुतते आणि तो गोळा टायर व लायनर यांच्यामध्ये अडकला की दोन्हीवर घासत राहतो. प्लास्टिकची लायनर असणाऱ्यांनी वसंतात चाक काढून कमानीचा सर्वांत वरचा भाग बॅटरीच्या उजेडात पाहावा. तिथे चकचकीत पट्टा दिसला तर प्लास्टिक पातळ होत चालले आहे असे समजावे. दोन्ही बाजूंना तसाच पट्टा असेल तर टायरचा आकारही तपासून घ्यावा.

विजेच्या गाडीबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची उष्णता पुढच्या लायनरला मागून थोडीफार मिळते, त्यामुळे थांबल्यावर तिथला बर्फ सैल होतो. विजेच्या गाडीत ही ऊब जवळजवळ नसते. इंजिन पुढे असलेल्या पेट्रोलच्या गाडीतही मागच्या चाकांना ती मिळत नाही.

दक्षिणमुखी :

उणे २० मध्ये प्लास्टिकच्या लायनरला बुटाने लाथ मारू नये, एवढेच आग्रहाने सांगतो.

मॉंट्रियलकर मावशी :

लाथेबद्दल पूर्ण सहमत आहे, पण मुळात तशी वेळच येऊ देऊ नये. बर्फ गोठण्याआधी काढणे हीच यातली खरी युक्ती आहे. घरी पोचल्यावर लगेच, गोळा अजून मऊ असतानाच, हातमोजा घालून किंवा लाकडी उलथन्याच्या दांड्याने तो टायरपासून बाहेरच्या दिशेला ढकलावा. लायनरच्या खालच्या कडेत काहीही खुपसून उचकटू नये, कारण क्लिपा नेमक्या तिथेच असतात आणि जोर सगळा त्यांच्यावर येतो. गोळा घट्ट झालाच असेल तर रबरी हातोडीने बर्फाच्या मध्यभागी हलके ठोके द्यावेत, म्हणजे त्याला भेगा पडून तुकडे होतात. कापडी लायनरवरचा घट्ट गोळा मात्र ओढूच नये. गाडी भूमिगत पार्किंगमध्ये किंवा गॅरेजमध्ये उभी करून तो आपोआप सुटू द्यावा.

गरम पाणी ओतण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो ऐकू नका. ते पाणी कापडात मुरते, ब्रेकवर जाते आणि रात्रीत सगळे पुन्हा गोठते. गाडी धुवायची असेल तर हवा शून्याच्या वर असलेल्या दिवशी धुवावी आणि धुतल्यावर थोडी चालवून पाणी झटकू द्यावे. प्लास्टिकच्या लायनरवर, ते स्वच्छ आणि कोरडे असताना, सिलिकॉनचा फवारा मारला तर काही आठवडे बर्फ सहज निसटतो. चाक काढूनच फवारावे आणि ब्रेकच्या चकत्या झाकून घ्याव्यात. कापडावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आमच्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. ते घेताना मी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापांपैकी अरुंद माप निवडते. टायर अरुंद असला की लायनरशी अंतर वाढते, ओल्या बर्फाला बाहेर पडायला वाट मिळते आणि पकडही चांगली राहते.

गंजवेध :

सगळे लायनरच्या बाहेरच्या बाजूबद्दल बोलत आहेत. माझी विनंती आहे, की आतल्या बाजूकडेही पाहा. पुढचे लायनर आणि पत्रा यांच्या मधल्या पोकळीत, दाराच्या बिजागरीच्या खांबाच्या पायथ्याशी, पाने आणि माती साचत जाते. मी मेमध्ये एका जुन्या गाडीचे लायनर उतरवले, तेव्हा तिथे मेपलच्या पानांचा कुजलेला, काळा, ओलसर लगदा निघाला. बाहेर आठवडाभर कडकडीत ऊन होते, तरी तो ओला होता, आणि त्याच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटलेली होती. बोट लावले तर खालच्या पत्र्याचे पापुद्रे सुटून हातात आले. बाहेरून रंगावर एक फोडही दिसत नव्हता.

मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतली आर्द्रता ओढून घेतात, त्यामुळे ते जिथे साचतात ती जागा सहजी कोरडी होत नाही. गंज थंडीत मंदावतो आणि उबेत वेगाने वाढतो, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून वरती सुचवलेल्या उबदार गॅरेजची दुसरी बाजू अशी आहे, की रोज रात्री मिठाचे पाणी वितळून पत्र्यावर काम करत राहते. गॅरेज वापरू नका असे मी म्हणत नाही, पण वापरणाऱ्यांनी चाकांच्या आतली बाजू अधूनमधून धुतलीच पाहिजे.

दर वसंतात चारही लायनर उतरवावीत, आत साध्या पाण्याचा झोत सोडावा, दाराखालच्या पट्टीची निचऱ्याची भोके मोकळी करावीत, पत्रा पूर्ण वाळू द्यावा आणि मग लोकरीच्या मेणावर आधारलेले गंजरोधक फवारून लायनर परत बसवावीत. मागच्या चाकांपाशी पत्र्याची कड जिथे आत दुमडलेली असते, तिथे बोट फिरवून माती काढावी. मीठ वापरणाऱ्या प्रदेशात जुन्या गाड्यांच्या मागच्या कमानी सर्वांत आधी खराब होतात, त्या तिथूनच.

ओंटारिओकर :

गंजवेध यांच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. फक्त तेलकट गंजरोधकाबद्दल एक सूचना करतो, की ते कापडी लायनरला लागू देऊ नये. धूळ चिकटून तो थर जड होतो.

पुणे ते लाहौल :

माझा अनुभव हिमाचलपुरता आहे, पण विषयाशी निगडित आहे म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातले बरेच लोक हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन मनालीला आणि ९ किलोमीटरचा बोगदा ओलांडून सिस्सूपर्यंत जातात. ताजा बर्फ पडला की पोलीस चारही चाकांना ओढ असलेल्या (फोर-व्हील ड्राइव्ह) किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. तिथे भाड्याने मिळणारी साखळी घाईघाईने बांधली जाते, तिचे उरलेले टोक मोकळे राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात लायनरवर आपटते. सोलंगच्या रस्त्यावर मी पुढच्या लायनरचे अक्षरशः तुकडे झालेली गाडी पाहिली आहे. साखळी बांधल्यावर थोडे अंतर जाऊन थांबावे, ती पुन्हा ताणून घ्यावी, टोक पक्के अडकवावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत साखळीला मनाई केलेली असेल, तर ती बहुधा चाक आणि लायनर यांच्यातले अंतर पुरेसे नसल्यामुळेच असते.

आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांना मागच्या चाकांवर लायनर नसतेच, उघड्या पत्र्यावर नुसता लेप असतो. कोकणातल्या पावसाळ्यासाठी लोक ती नंतर बसवून घेतात. त्यांनीही आतला लाल चिखल दर दिवाळीला काढायला हवा.

कॅलगरीवासी :

चाकामागच्या चिखलरोधक झडपांबद्दल (मडफ्लॅप) कोणाचे काय मत आहे? माझ्या मते हिवाळ्यात त्या काढून ठेवाव्यात. त्यांच्यावर बर्फ साचतो आणि त्या लायनरच्या खालच्या कडेलाच अडकवलेल्या असल्यामुळे सगळा भार त्या कडेवर येतो.

मॉंट्रियलकर मावशी :

मी असहमत आहे. झडपा काढल्या तर खडी थेट दाराखालच्या पट्टीवर आदळते, रंग उडतो आणि गंजाला दार उघडे होते. लायनरचा तुकडा बदलता येतो, ती पट्टी बदलणे फार महाग पडते. झडप नुसती लायनरला न अडकवता तिचा एक स्क्रू आतल्या पत्र्याच्या मूळ भोकात घेतलेला असेल, तर भार कडेवर येत नाही.

गंजवेध :

मावशींचे म्हणणे योग्य आहे. झडप ठेवावी आणि तिच्यावरचा बर्फ रोज पाडावा.

मिसिसिपीकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. आज चाक वळवून बॅटरीच्या उजेडात नीट पाहिले. फाटलेल्या जागेतून काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि तिच्या मोटारीची वायर उघडी दिसते. कडेच्या तीन भोकांपैकी दोन फाटून उघडी पडली आहेत. स्टीअरिंग पूर्ण वळवले की कड टायरला लागते. नवे कापडी लायनर मागवायचे की प्लास्टिकचे, आणि तोवर काय करायचे, यावर शेवटचा सल्ला हवा आहे.

पॉलिमरवाला :

टायरला लागते आहे, तर आहे त्या स्थितीत हायवेवर जाऊ नका. ताशी १०० किलोमीटर वेगाला साधारण २ मीटर परिघाचे चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. टायरने ती कड एकदा पकडली, तर उरलेले लायनर काही क्षणांत ओढले जाईल आणि टाकीची नळी व वायर त्याबरोबर जाईल.

तात्पुरता उपाय असा. गाडी उबेत ठेवून लायनर पूर्ण वाळू द्या. सुटलेले तंतू कात्रीने कापून टाका. फाटलेल्या जागेवर आतून पातळ, लवचिक प्लास्टिकचा तुकडा ठेवा, त्यातून आणि कापडातून नवी भोके पाडा, दोन्ही बाजूंना ओंटारिओकरांनी सांगितलेले रुंद वॉशर द्या आणि क्लिपा मूळ जागी बसवा. जिथे क्लिप बसत नाही तिथे बाहेर वापरण्याजोग्या काळ्या केबल-टायने शिवून घ्या, पण टायचे डोके टायरच्या बाजूला येऊ देऊ नका. मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून किमान दोन बोटांचे अंतर राहते का ते पाहा. उघड्या जागेवर चिकटपट्टी लावून भागवू नका, ती थंडीत सुटते आणि टायरमध्ये जाते.

हिवाळा संपल्यावर, तुमचा रस्ता आणि तुमचे रात्रीचे तापमान पाहता, मी पुढची दोन्ही लायनर रबरमिश्रित पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएथिलीनची घ्या असे सुचवेन आणि मागची कापडी धड असतील तर तशीच ठेवा. पुढची चाके वळतात, त्यामुळे कडा घासण्याचा धोका तिथेच जास्त असतो, आणि मागची कापडी राहिल्याने आवाजही मर्यादेत राहील. बदलताना एकच बाजू बदलू नका.

हेलसिंकीची वाट :

ही तडजोड मला मान्य आहे. प्लास्टिकची घेताना ती तुमच्या गाडीच्या त्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी आहेत ना, हे भोकांची जागा ताडून पाहा. जुळणाऱ्या साच्यातले लायनर सर्व भोकांवर सहज बसते. ओढून बसवावे लागत असेल तर ते परत करा.

मिसिसिपीकाठ :

समजले. शनिवारी एका मित्राचे गॅरेज मिळते आहे, तिथे वॉशर लावून कड बसवून घेतो. तोवर बायकोची गाडी वापरेन. गंजवेध, उजवे लायनर उतरवतो आहेच, तर त्या खांबाच्या पायथ्याशी साचलेली माती आत्ताच धुवावी, की मे महिन्यापर्यंत थांबावे?

गंजवेध :

आत्ता धुवू नका, पाणी आत राहून गोठेल. हाताने आणि ब्रशने निघेल तेवढी माती कोरडीच काढा आणि निचऱ्याचे भोक एखाद्या केबल-टायच्या टोकाने मोकळे करा. पाण्याचा झोत आणि गंजरोधक दोन्ही मेमध्ये. डाव्या बाजूचेही त्याच दिवशी पाहून घ्या.